दुसऱ्याच्या हातचं

माझे वडील अफू घ्यायचे. हे चार शब्द सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकते. आता पुढचं सोपं जाईल.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. आजोबा अंगठा उठवायचे, वडील सातवी पास, आई पोथी वाचण्यापुरतं शिकलेली आणि मी बी. ए. हे मी अभिमानाने सांगते. कुणाला त्यात मिरवणं वाटलं तर वाटू दे. पण पदवीची गोष्ट सांगायची आणि अफूची गाळायची, हा लबाडपणाही मी पुष्कळ दिवस केला. परवा माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत भेटायला आली. नवऱ्याच्या दारूबद्दल बोलताना सारखी म्हणत होती, "बाई, तसे ते पीत नाहीत हो. मित्र पाजतात." हेच वाक्य आमच्या घरात सात वर्षं नांदत होतं. तेव्हा त्या बाईंसाठी, आणि त्यांच्या मुलीसाठी जास्त, हे लिहिते आहे.

मनवार

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते तारखात्यात लाइन इन्स्पेक्टर होते. साताऱ्याहून जयपूरला बदली झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अजमेरच्या रस्त्याने बगरूपर्यंत आणि त्याच्याही पुढे तारांचे खांब तपासत जायचं, हे त्यांचं काम. महिन्यातले पंधरा दिवस फिरती.

गावात पोचलं की आधी खाट टाकली जायची आणि मग मनवार. मनवार म्हणजे आग्रह. अफू पाण्यात घोटायची, कापडातून गाळायची. त्या तपकिरी पाण्याला तिकडे अमल म्हणतात. यजमान ते आपल्या उजव्या तळहातावर घेतो आणि हात पाहुण्याच्या तोंडाशी नेतो. पाहुण्याने त्या हातातूनच प्यायचं. नको म्हटलं तर यजमानाचा हात झिडकारल्यासारखं होतं. लग्न ठरलं तरी अमल, भांडण मिटलं तरी अमल, मयताला गेलं तरी अमल.

अण्णा परक्या मुलखातले, स्वभावाने भिडस्त. बगरूच्या पुढच्या एका गावचे ठाकूर होते, त्यांच्याशी अण्णांची दोस्ती जमली. पांढऱ्या मिशांचे, मोठ्याने हसणारे, दिलदार गृहस्थ. अण्णांना ते "बाबूजी" म्हणत, अण्णा त्यांना "ठाकुरसा". पहिलं अमल अण्णांनी त्यांच्याच हातून घेतलं.

आईला हे कळलं तेव्हा ती घाबरली नाही, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. पण आमच्याकडे तान्ही मुलं शांत झोपावीत म्हणून त्यांना अफूची इवलीशी गोळी द्यायचीच पद्धत होती. मलाही दिली होती. शिवाय जयपूरच्या पाण्याने अण्णांचं पोट सारखं बिघडायचं, ते अफूने थांबलं. आई म्हणाली, "औषधच आहे की. मग फिरतीवर तेवढं बरं वाटतं आणि घरी का त्रास काढायचा?"

मग एक दिवस ठाकुरसांनी दिलेली काळी वडी घरी आली.

माझा हात

अण्णांचा एक नियम होता. ते अमल स्वतःच्या हाताने घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "आपल्या हाताने घेतो तो अमली. दुसऱ्याच्या हातून घेतो तो पाहुणा." अमली म्हणजे अफूबाज. ते अमली नव्हते, पाहुणे होते. आणि घरात पाहुणा व्हायचं तर कुणाचा तरी हात हवा. आई सोवळ्यात स्वयंपाक करायची, तिने नाही म्हटलं. राहिले मी.

रोज सकाळी शाळेच्या आधी मी पितळी वाटीतलं पाणी मलमलच्या तुकड्यातून गाळायचे, उजवा हात खोलगट करायचे आणि त्यात ओतायचे. अण्णा माझं मनगट धरून तीन घोट घ्यायचे. त्यांच्या मिशा तळव्याला टोचायच्या, मला हसू यायचं. मग ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. "शाब्बास, नलू." दहा वर्षांच्या मुलीला यापरतं काय लागतं? मला वाटायचं, अण्णांचं सगळं माझ्यावर चालतं. ते खरंच होतं.

फक्त तो वास राखेने घासूनही जायचा नाही. वर्गात शेजारच्या मुलीने एकदा माझा हात हुंगून सगळ्यांसमोर म्हटलं, "तेरे हाथ से तो ताऊजी की बास आती है!" तिचे ताऊजी, म्हणजे थोरले काका, गावचे नामी अफूबाज होते. मी तिला पाटी मारली.

पुढे पुढे सकाळ लांबली तर घरात बसवेना. माझा पाय जरा उशिरा स्वयंपाकघराकडे वळला की अण्णा जांभया देऊ लागत, नाकाडोळ्यांतून पाणी, भांडं आपटणं, आईच्या माहेराचा उद्धार. आणि घोट घेतले की दहा मिनिटांत गाईसारखे गरीब. आम्ही दोघी घड्याळाकडे बघत जगायला शिकलो. आई कधीकधी नुसती मान हलवून मला खूण करायची, आधी ते दे, मग वेणी घाल. वाटीतली वडी मोठी होत गेली. तेही मलाच ठाऊक, कारण घोटायची मी.

"घर में कौन देता है?"

मी मॅट्रिकच्या वर्गात होते, सतरा वर्षांची, तेव्हा सरकारने अफूची विक्री बंद केली. डॉक्टरांनी अमली म्हणून दाखला दिलेल्यांनाच परवान्यावर मिळणार होती. अण्णांनी नाव घालायला साफ नकार दिला. "अमली लोकांच्या यादीत मी? सरकारी नोकर आहे मी." मग ठाकुरसांचीही आवक आटली आणि आमच्याकडची वडी संपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा न्हाणीघरात पडले. अंगाला कापरं, पोटात पेटके, कपडे खराब झालेले. शेजारच्या बिऱ्हाडातल्या दोघांनी त्यांना टांग्यात घातलं. रस्त्यातली माणसं वळून बघत होती आणि आई पदराने त्यांचं तोंड झाकत होती.

सरकारी हॉस्पिटलातले डॉक्टर जयपूरचेच होते. जाडे, संथ, चष्मा कपाळावर. त्यांनी अण्णांची बुबुळं पाहिली, पोट दाबलं आणि सरळ विचारलं, "कितनी लेते हैं?"

अण्णा दात आवळून म्हणाले, "लेता नहीं हूँ, साहब. लोग देते हैं."

"अच्छा. और घर में कौन देता है?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मैं."

"कब से?"

"सात साल से."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते आईला म्हणाले, "माताजी, ये बीमारी है. पेट की नहीं. अफीम की." आई म्हणाली, "दवाई थी, साब, पोट की." एवढं बोलून ती तिथल्या बाकड्यावर बसली.

आजाराला नाव मिळालं तो दिवस हा असा होता. मला दोन गोष्टी एकदम कळल्या. अण्णा आजारी आहेत. आणि औषध म्हणून जे पाजलं, ते मी पाजलं.

मामाचं पत्र

आईने भावाला कळवलं. साताऱ्याहून मामाचं उत्तर आलं, ते मला अजून शब्दनशब्द आठवतं. "दाजींची रजा संपेपर्यंत वाट पाहतो. ते धड होऊन कामावर गेले तर ठीक. नाहीतर मी येऊन तुम्हा मायलेकींना घेऊन जाईन. नलूचं शिकणं पुष्कळ झालं, इकडे एक चांगलं स्थळ आहे."

दोन महिन्यांची आजारी रजा. ती संपताना डॉक्टरांनी प्रकृती ठीक असल्याचा दाखला द्यायला हवा. तो मिळाला तर अण्णांची नोकरी राहणार आणि माझं कॉलेज होणार. नाही मिळाला तर सातारा आणि ते स्थळ. स्थळाबद्दल माझी तक्रार नव्हती, बिचाऱ्याला मी पाहिलंही नव्हतं. पण मला शिकायचं होतं. मॅट्रिकची परीक्षा दीड महिन्यावर आली होती.

काचेचा पेला

अफू एकदम तोडायची नाही, मापाने उतरवायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. कागदी खाचांची पट्टी चिकटवलेली बाटली आली. रोज थोडं कमी. पण त्यांनी एक अट घातली, आणि ती अट औषधाहून कडू निघाली. "हाथ से नहीं पिएँगे. गिलास होगा. और गिलास ये खुद उठाएँगे."

सकाळी आठला सिस्टर पेला आणून खाटेशेजारच्या फळीवर ठेवायची. केरळकडची होती, चालताना चपला फटफट वाजायच्या. "पीयो, बाबूजी." अण्णा पेल्याकडे बघायचे आणि तोंड भिंतीकडे करायचे. घामाने चादर भिजलेली, गुडघे पोटाशी. तहानलेल्यासमोर पाणी असावं तसा तो पेला समोर. पण ते उचलेनात.

"नलू, तू दे."

"डॉक्टर नको म्हणालेत, अण्णा."

"मी तुझा बाप आहे का तो?"

आई मध्ये पडली. "अहो, पेल्यातून काय न् हातातून काय, एकच ना? घ्या की."

"एकच नाही!" ते एवढ्याने ओरडले की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "एकच नाही. तुला नाही कळायचं."

मला कळत होतं. तो पेला उचलला की ते पाहुणे राहणार नव्हते.

असे दोन दिवस गेले. आठला पेला यायचा, दहाला सिस्टर तो तसाच परत न्यायची. चार ते सहा भेटायची वेळ, पण सिस्टर आम्हाला सकाळीही हाकलायची नाही. उलट मला तिच्या खोलीत पंख्याखाली पुस्तक घेऊन बसवायची आणि दार लोटून घ्यायची, म्हणजे अण्णांचं कण्हणं ऐकू येऊ नये. तिची आणि माझी भाषा निराळी, तिचं हिंदी मोडकं. पण माझ्या भूमितीच्या वहीत डोकावून ती म्हणायची, "फर्स्ट क्लास, हाँ?" त्या दिवसांत माझ्या परीक्षेबद्दल बोलणारी ती एकटीच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत आले तेव्हा अण्णांच्या दोन्ही हातांत पेला होता. हात इतके थरथरत होते की काच दातांवर वाजत होती. प्यायले आणि रडले. बाप रडताना बघणं वाईट असतं. तरी मी बघितलं, आणि आईलाही म्हटलं, तोंड फिरवू नकोस.

गणिताचा पेपर

आता माझी चूक सांगते. ही गाळली तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

तीन आठवड्यांनी अण्णा घरी आले. बाटली बरोबर होती, मापही खूप खाली आलं होतं. पण जसजसं माप उतरलं तसतसे ते चिडखोर, रडके झाले. आईशी बोलणं बंद. आईने माझ्यावर राग काढायचा, मी तिच्यावर. त्या एवढ्याशा घरात आम्ही तिघं एकमेकांना टाळून चालायचो.

गणिताच्या पेपरच्या सकाळी आई पाण्याच्या नळावर गेली होती. अण्णांच्या पोटात कळा उठल्या. "नलू, तारांच्या हत्यारांची पिशवी काढ. तळाला कागदात एक खडा आहे. एकदाच. तुझ्या हातून. मग नाही मागणार."

म्हणजे खडा होता. इतके दिवस घरात होता.

"नाही, अण्णा."

"तू पेपरला जा, मी इथे मरतो. जा. तुझी परीक्षा महत्त्वाची."

मला प्रमेयं आठवत होती ती एकेक करून पळायला लागली. घड्याळात नऊ वाजलेले, दहाला पेपर. मला त्या क्षणी फक्त शांतता हवी होती. मी खडा काढला, घोटला, गाळला आणि हात पुढे केला. पूर्वीइतकंच घेतलं, कारण मला तेवढंच माप ठाऊक. तीन घोट. त्यांनी डोळे मिटले. मी हात धुतला, कंपासपेटी उचलली आणि गेले. पेपर चांगला गेला. हेही लिहायला हवं.

दुपारी परत आले तर आई अण्णांच्या नाकाशी हात धरून बसलेली. "मघापासून मोजतेय," ती म्हणाली. "मध्येच श्वास थांबतो गं." अण्णांचे ओठ निळसर दिसत होते. शरीराची सवय उतरली होती आणि माझं माप मात्र जुनंच होतं.

परत टांगा, परत तेच हॉस्पिटल. त्यांनी पोट धुतलं, गालांवर मारून मारून जागं केलं, दोघांनी धरून व्हरांड्यात चालवलं. मी खांबाला टेकून उभी होते. अंगावर शाळेचाच पोशाख होता. सिस्टर शेजारून गेली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. "बच गए," ते म्हणाले. मग माझ्यासमोर थांबले. "तुझे पता था, इतनी से मर सकते हैं?"

"नहीं. मुझे पेपर देना था."

त्यांनी माझ्या शाळेच्या पोशाखाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सच बोलती है. ठीक है. कल कौन सा पेपर है?"

"संस्कृत."

"तो घर जा के पढ़."

एवढंच. क्षमा केली की हाकललं, मला आजही सांगता येणार नाही. मी घरी गेले आणि वाचलं.

अण्णांची रजा एक महिना वाढवून मिळाली. मामाने लिहिलं, यापुढे थांबणार नाही.

ठाकुरसा आले

दुसऱ्या वेळी अण्णांनी वाद घातला नाही. पेला आपणच उचलायचे. मेच्या उन्हाळ्यात बाटली संपली. नुसतं पाणी सुरू होऊन नववा दिवस होता आणि दाखल्यासाठी डॉक्टरांनी सोमवारी बोलावलं होतं. त्या नवव्या दिवशी दुपारी ठाकुरसा दारात उभे राहिले. आजारी दोस्ताला बघायला उन्हातून एवढ्या लांब आलेले. आईसाठी बगरूची छापील ओढणी, माझ्यासाठी गुळाची ढेप.

"बाबूजी, सुणी आप मांदा हा?" तब्येत विचारत ते अण्णांच्या खाटेवर बसले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, त्यांनी अण्णांना दोन वेळा हसवलंसुद्धा. मग त्यांनी अंगरख्यातून चांदीची डबी आणि छोटी कुपी काढली. कुपीतलं पाणी गाळून तयारच होतं. त्यांनी ते उजव्या तळहातावर घेतलं आणि हात अण्णांच्या तोंडाशी नेला.

"अरोगो सा." म्हणजे, घ्या.

आजारी माणसाला ते आपल्याकडचं सगळ्यात चांगलं देत होते. त्यात काडीचं कपट नव्हतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात. मी पुस्तकांच्या पेटीपाशी. आम्ही दोघींनी काही बोलायचं नव्हतं. त्या घरात, त्या काळात, पुरुषांच्या बैठकीत बायका बोलायच्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर बोलायची माझी हिंमतही नव्हती. गणिताच्या पेपरनंतर मी कुठल्या तोंडाने बोलणार?

अण्णांनी दोन्ही हातांनी ठाकुरसांचं मनगट धरलं. माझं धरायचे तसंच. मान खाली झुकली. मला वाटलं, संपलं.

"ठाकुरसा," ते म्हणाले, "मैं अमली हूँ. मुझे मत दीजिए."

ठाकुरसा हसले. "अमली तो म्हे हाँ, बाबूजी. आप तो पावणा हो."

"पावणा नहीं. अपनी बच्ची के हाथ से पीता था मैं. घर में. रोज."

ठाकुरसांनी माझ्याकडे पाहिलं. हात अजून तसाच पुढे होता आणि बोटांच्या फटीतून तपकिरी थेंब आमच्या फरशीवर पडत होते. त्यांनी हात मागे घेतला, उरलेलं स्वतः प्यायले, मिशा पुसल्या आणि उठले. आईने चहा टाकला होता. तो न घेता ते गेले. जाताना रामराम केला, पण अण्णांच्या नजरेला नजर दिली नाही. पुन्हा कधी आले नाहीत. अण्णांचा जयपुरातला एकुलता दोस्त त्या दुपारी गेला, हे मी विसरत नाही.

अण्णा खाली बसले आणि फडक्याने फरशी पुसू लागले. आई धावली. "अहो, राहू द्या, मी पुसते."

"थांब." फडकं त्यांच्या मुठीत होतं. मूठ तोंडापासून वीतभर लांब होती. "नलू, हे घे माझ्याकडून. बाहेर ने आणि जाळ. आत्ता."

मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. ओलं फडकं पेटेना, रॉकेल घालावं लागलं. अण्णा उन्हात उभे राहून ते पूर्ण जळेपर्यंत बघत होते.

सोमवारी दाखला मिळाला. जुलैत मी कॉलेजात नाव घातलं. माझं कॉलेज सुरू झालं म्हणून घरात सगळं गोड झालं, असं नाही. आई आणि अण्णा कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत.

ज्या बाईंसाठी हे लिहायला घेतलं त्यांना एवढंच सांगते. मुलीच्या हातात काय देताय ते बघा. आणि मित्र पाजतात, हे म्हणणं सोडा. आमच्या घरात ते म्हणणं संपलं त्या दिवशी आजाराला उतार पडायला लागला.

बी. ए. चा निकाल लागला त्या सुट्टीत अण्णा मला एकदा फिरतीवर बरोबर घेऊन गेले. नव्या गावातल्या पटवाऱ्याने खाट टाकली. अण्णा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "भाईसाहब, मैं अमली हूँ, छोड़ा हुआ. मनवार मत कीजिएगा." आणि त्याच दमात, तितक्याच ताठ मानेने, "और ये मेरी बेटी है. बी. ए. पास."

पटवाऱ्याला आधी कशाबद्दल बोलावं ते कळेना. त्याने आत हाक मारली आणि ताक मागवलं. अण्णा खाटेवर बसले, अर्धा पेला प्यायले आणि माझ्याकडे वळून मराठीत हळूच म्हणाले, "मीठ कमी आहे गं."